काम आटोपून पाहिलेलं वाळवंट



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाचा अभ्यासदौरा झाला. दुसऱ्या तालुक्यातल्या बायकांनी डाळमिल कशी उभी केली, ते बघायला गेलो होतो. दुपारी दोनपर्यंत काम झालं. वेरूळ वाटेवरच होतं, म्हणून गाडी वळवली आणि तीन तास लेणी बघितली. गावात पाय ठेवला तर कानावर आलं, "अभ्यास कसला, फिरायलाच गेल्या होत्या!" आम्ही इतक्या धास्तावलो, की दौऱ्याच्या अहवालात वेरूळचं नावच लिहिलं नाही. ती बोच मनात असतानाच तीन बायकांचा इतिहास वाचनात आला. तोच आज तुम्हाला सांगतो.

इव्हँजेलिन फ्रेंच, त्यांची धाकटी बहीण फ्रान्सेस्का आणि मैत्रीण मिल्ड्रेड केबल. तिघी चायना इनलँड मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या सेविका. इव्हँजेलिन 1893 साली इंग्लंडहून चीनला गेल्या, मिल्ड्रेड आणि फ्रान्सेस्का नंतर त्यांना जाऊन मिळाल्या. शान्सी प्रांतात त्यांनी मुलींची शाळा चालवली. त्या काळी तिथे लहानपणीच मुलींचे पाय करकचून बांधत, पाऊल वाढू नये म्हणून. अशा मुलींना अक्षर शिकवण्यात त्यांची वीस वर्षं गेली.

1923 साली त्यांनी शाळा चिनी सहकाऱ्यांवर सोपवली आणि वायव्येकडच्या गोबी वाळवंटाची वाट धरली. त्या जुन्या व्यापारी रस्त्यावर मिशनचं काम जवळजवळ नव्हतंच. इव्हँजेलिन तेव्हा चौपन्न वर्षांच्या, मिल्ड्रेड पंचेचाळीसच्या. आपल्याकडे या वयात बाई नातवंडं सांभाळते. त्यांच्याच मिशनमधल्या काहींनी त्यांना वेड्यात काढलं.

त्यांनी कामाची घडी अशी बसवली. थंडीत सूचौ गावी मुक्काम आणि शिकवणं. बाकीचे महिने खेचरांच्या गाडीतून गावोगाव. गोबी म्हणजे नुसती वाळू नव्हे, बराचसा खडी-गोट्यांचा माळ. उन्हाळ्यात दिवसा चालणं अशक्य, म्हणून रात्रीचा प्रवास. कुठे विहिरीचं पाणी खारट, कुठे धर्मशाळेत नुसती मातीची ओटी. जत्रेत पुस्तकं विकायची, आजाऱ्याला औषध द्यायचं, आपल्या धर्माचं सांगायचं. सगळ्यांना त्यांचा धर्म पटला असं नाही. पण बायकांच्या माजघरात त्यांना प्रवेश होता. मोठमोठे पुरुष प्रवासी अंगणापर्यंतच पोचत, या तिघी चुलीजवळ बसत. बायकांशी बोलता यावं म्हणून त्या तिकडची तुर्की बोलीही शिकल्या. सूचौला दारोदार भीक मागणारी एक मुकी-बहिरी पोर त्यांच्या दाराशी आली. तिला त्यांनी लेक मानलं आणि पुढे प्रवासातही बरोबर नेलं.

आता बघण्याचं सांगतो. च्यायूक्वान इथे चीनच्या मोठ्या भिंतीचं शेवटचं दार आहे. वाळवंटात निघालेला माणूस तिथे भिंतीवर दगड मारून बघायचा. दगड उसळून आला तर माणूस परत येणार, नाही तर नाही, असा समज. हद्दपार झालेल्यांनी दारावर लिहिलेले निरोपाचे शब्द या बायकांनी थांबून वाचले.

पुढे तुनह्वांगजवळ वाळूच्या डोंगरांत चंद्रकोरीसारखं तळं आहे. तिथे त्या विसाव्याला थांबल्या. लोक म्हणत, इथली वाळू गाते. मग या पोक्त बायका टेकडीवर चढल्या आणि लहान पोरींसारख्या वाळूवरून घसरत खाली आल्या. खरंच, पायाखालून एखाद्या प्रचंड वाद्याची तार छेडावी तसा घुमणारा आवाज आला!

तिथून जवळच बुद्धाची लेणी आहेत, आपल्या अजिंठ्यासारखीच रंगवलेली. चित्रं असलेली लेणी जवळपास पाचशे, पहिली खोदाई चौथ्या शतकातली. 1907 साली ऑरेल स्टाइन नावाचे संशोधक तिथून जुन्या पोथ्यांच्या पेट्या भरून घेऊन गेले. या तिघी नुसतं बघून आल्या.

1930 नंतर त्या भागात लढाई पेटली. एका तरुण सेनापतीने जखमेवर उपचार करायला त्यांना बोलावून नेलं, मग तुनह्वांग सोडायला बंदी घातली. एके दिवशी त्या गुपचूप निघाल्या आणि वाळवंट ओलांडून सुटल्या. इतकी वर्षं डोळे उघडे ठेवून फिरल्या होत्या. कुठे पाणी, कुठे मुक्काम, हे त्यांना पाठ होतं.

1936 साली त्यांनी चीन कायमचा सोडला. लेकही सोबत इंग्लंडला गेली. मिल्ड्रेड आणि फ्रान्सेस्का यांनी लिहिलेलं गोबीवरचं पुस्तक 1942 साली निघालं. त्यात विहिरी, धर्मशाळा, घरातल्या बायका, चंद्रकोरीचं तळं, सगळं आहे. त्यांनी बघायची चोरी केली असती, तर हे कुणी लिहिलं असतं?

मैत्रिणींनो, आपल्यालाही हे नवं नाही. आपली आजी पंढरपूरला जायची. विठ्ठलाचं दर्शन घ्यायची, चंद्रभागेत नाव बघायची, बाजारात बांगड्या भरायची, आणि पुढच्या आषाढीपर्यंत ते सांगत राहायची. देवाचं नाव होतं म्हणून कुणी बोललं नाही. गटाचं काम नेटकं केल्यावर तीन तास लेणी बघितली, तर त्यात लपवायचं काय? कामात कुचराई केली असती, गटाचा पैसा उधळला असता, तर बोल लागला असता. आम्ही तसं केलं नव्हतं. वेरूळच्या तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने दिले होते.

म्हणून परवाच्या बैठकीत आम्ही अहवालाची वही पुन्हा काढली. डाळमिलच्या हिशेबाखाली एक ओळ वाढवली: दुपारी दोन ते पाच, वेरूळची लेणी पाहिली. खाली सगळ्याजणींनी सह्या केल्या. दोघींनी अंगठा न लावता पहिल्यांदाच सही केली.