विद्यार्थ्यांच्या अटक-नोंदींचे प्रकाशन

अटक झालेल्या विद्यार्थ्यांची नावे व आरोप विद्यापीठीय वृत्तपत्राने छापावेत की नाही, हा अमेरिकी पत्रकारितेतील नैतिक प्रश्न.

1974 च्या संघीय कायद्याने शैक्षणिक नोंदी गोपनीय ठरविल्या (पहा : खाजगीपणाचा हक्क). त्याचा आधार घेऊन विद्यापीठे पोलीस अहवालही दडवू लागली. मिसूरीतील एका विद्यार्थी-संपादिकेने त्याविरुद्ध दाद मागितली. बाउअर विरुद्ध किनकेड (1991) या खटल्यात न्यायालयाने हे अहवाल शैक्षणिक नोंदी नाहीत असा निर्णय दिला आणि 1992 मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. विद्यापीठ परिसरातील गुन्ह्यांविषयीच्या क्लेरी कायद्यानुसार (1990) विद्यापीठांनी ठेवावयाच्या दैनिक गुन्हे-नोंदवहीत गुन्ह्याचे स्वरूप, तारीख, वेळ, ठिकाण व पुढील कार्यवाही असते. आरोपीचे नाव देणे त्यात बंधनकारक नाही. ते बहुधा अटकेच्या सार्वजनिक कागदपत्रांतून मिळते.

नोंद खुली असणे व ती छापणे उचित असणे या भिन्न गोष्टी होत. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तरी अल्पवयात मद्यपान केल्याच्या आरोपाची दोन ओळींची बातमी छापली जाते आणि खटला रद्द झाल्याचे वृत्त मात्र सहसा येत नाही. या प्रथेतील हा सर्वांत गंभीर दोष होय. उलट, नावे सरसकट वगळल्यास हिंसक गुन्ह्यांची माहिती दडते व प्रसिद्ध खेळाडूंना झुकते माप मिळण्याची शक्यता राहते.

आंतरजालीय संग्रहांमुळे अशी बातमी नोकरीच्या वेळीही सापडते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2021 मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या बातम्यांत संशयितांची नावे देणे थांबविले (पहा : वृत्तपत्रीय आचारसंहिता, विस्मृतीचा हक्क).