अपघातात जायबंदी झालात? सहा महिन्यांच्या आत दावा लावा, वकिलाला कोऱ्या कागदावर सही देऊ नका

सेमाडोह (ता. चिखलदरा) : परतवाडा-धारणी रस्ता म्हणजे मेळघाटच्या माणसासाठी दवाखान्याचा, बाजाराचा, कोर्टाचा, सगळ्याचाच रस्ता. वळणं अन् अरुंद पूल पावसाळ्यात जीव घेतात. 23 सप्टेंबर 2024 ला, सोमवारी, सेमाडोहजवळ खासगी प्रवासी बस पुलावरून खाली कोसळली. त्यात जीव गेले, बरेच प्रवासी जखमी झाले. अशा वेळी आकड्यांची बातमी येते आणि आठवडाभरात विरते. पाय मोडलेल्या माणसाचं खरं दुखणं मात्र दवाखान्यातून घरी आल्यावर सुरू होते. सोंगणीला जाता येत नाही, उसनवारी वाढत जाते, आणि कोणी तरी सांगते, "कोर्टात केस टाक, लाखो रुपये भेटतात." केस टाकता येते, हे खरं. पण कधी, कुठं आणि कोणाच्या भरवशावर, हे माहीत नसल्यानं अनेकांचा हक्क बुडतो.

पहिली गोष्ट मुदतीची. मोटार वाहन कायदा 1988 मधल्या कलम 166 नुसार जखमी माणूस स्वतः, किंवा तो दगावला तर त्याचे वारस, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. पूर्वी या अर्जाला मुदत नव्हती. 2019 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली आणि अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची अट आली. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. वरच्या बस अपघाताचंच धरा, तर मार्च 2025 च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सहा महिने भरले. प्लास्टर, मग फिजिओथेरपी, मग दिवाळी, मग तुरीचं राखण, एवढ्यात सहा महिने कसे जातात ते कळतही नाही.

अर्ज कुठं लावायचा याची मोकळीक आहे. अपघात झाला ती जागा, जखमी राहतो किंवा धंदा करतो ती जागा, किंवा गाडीमालक राहतो ती जागा, यांपैकी कोणत्याही हद्दीतलं न्यायाधिकरण चालते. सेमाडोहच्या माणसाला अचलपूर जवळ पडते. गाडी नागपूरची असली म्हणून नागपूरला खेटे घालायची गरज नाही.

कागद पहिल्या दिवसापासून

वकील कितीही हुशार असो, कागदाशिवाय त्याचे हात बांधलेले. पोलीस ठाण्यातला एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीची आरसी, विमा पॉलिसी, ड्रायव्हरचा परवाना, जखमेचा वैद्यकीय अहवाल, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, एवढं तरी लागतेच. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते. आपली हद्द नाही म्हणून कोणतंही ठाणं फिर्याद नाकारू शकत नाही. ती तिथं नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची असते.

इथं गडबड कुठं होते? जखमीला आधी आरोग्य केंद्रात, मग अचलपूरला, मग अमरावतीच्या इर्विनला, तिथून कधी नागपूरला हलवतात. चार दवाखाने, चार केसपेपर. त्यातल्या एकावरही "रस्ता अपघात" असं लिहिलेलं नसलं आणि "पडल्यामुळे" असं लिहिलं असलं, की विमा कंपनीचा वकील तेवढ्यावरच उलटतपास घेतो. म्हणून भरती करताना सोबतच्या माणसानं अपघात कसा झाला, कोणत्या गाडीनं झाला हे डॉक्टरला नीट सांगावं आणि तसं लिहिलं की नाही ते पाहावं. जखमीला कोरकूच येत असेल, तर मराठी बोलणारं कोणी तरी सोबत असणं हा अर्धा पुरावा आहे.

उपचाराच्या खर्चासाठी मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार त्यात बसतो. भरपाईचा दावा वेगळा.

पोलिसांनाही काम नेमून दिलेलं आहे. अपघाताची पहिली माहिती 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला पाहिजे. तपास अधिकाऱ्याला तो गेला का, हे विचारायला लाजू नये.

"पंचवीस हजार घे अन् मिटव"

खेड्यात सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होते. गाडीमालक दवाखान्यात येतो, फळं आणतो, शंभराच्या स्टॅम्पवर अंगठा घेतो. मांडीत रॉड पडलेल्या माणसाला त्या दिवशी पंचवीस हजार मोठे वाटतात. खरं तर गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जातच नाही, विमा कंपनी देते. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख ठरलेले आहेत. गाडी पळून गेली, नंबर सापडला नाही, तर हिट अँड रन योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. तो अर्ज कोर्टात नाही, महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

कलम 166 खाली चूक दाखवावी लागते, पण रक्कम ठरलेली नसते, नुकसानीप्रमाणे काढतात. हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा 34 वर्षांचा मजूर महिन्याला 12,000 कमावतो आणि पायामुळे त्याची कमाईची ताकद 40 टक्के गेली. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे 16,800. वर्षाचे 2,01,600. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक 16. गुणाकार 32,25,600, त्याचे 40 टक्के म्हणजे 12,90,240 रुपये. शिवाय उपचार, वेदना, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च वेगळा, आणि वरून व्याज.

यातला कळीचा आकडा ते 40 टक्के. सर्टिफिकेटवरचं अपंगत्व आणि कमाईवर झालेला परिणाम एकच नसतो, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात स्पष्ट झालं आहे. एकाच पायाला सारखीच इजा झाली तरी टेबलावर बसून काम करणारा कारकून नोकरी टिकवतो, चढावर मोळी वाहणारा माणूस घरी बसतो. हा फरक वकिलानं साक्षीत आणला पाहिजे आणि डॉक्टरला साक्षीला बोलावलं पाहिजे. कमाईचा पुरावा मजुराकडे नसतोच. मनरेगाचं जॉब कार्ड, मुकादमाची वही, सातबारा, बँकेचं पासबुक जे असेल ते द्यावं.

ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअपचा विषय मात्र नाजूक आहे. सोयाबीन सोंगायला खाली वऱ्हाडात उतरणारे मजूर मालाच्या गाडीत बसून जातात. माल वाहणाऱ्या गाडीत माणसं भरली म्हणून विमा कंपनी हात वर करते. काही प्रकरणांत कोर्ट कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते. काहींत बोजा सरळ मालकावर येतो, आणि त्याच्याकडे वसूल करण्यासारखं काही नसतं. वकिलाला हे पहिल्या भेटीतच विचारावं.

वकील आणि त्याची फी

"पैसे आले तर तीस टक्के, नाही आले तर काही नाही." असा सौदा दवाखान्याच्या दारातच करणारे एजंट फिरतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. फी आधी ठरवावी, पावती मागावी. वकीलपत्र वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. कोरे कागद, सही केलेले कोरे चेक, पासबुक कोणाच्याही ताब्यात देऊ नये; भरपाई दावेदाराच्या स्वतःच्या खात्यात जमा होते, बरेचदा त्यातला काही भाग मुदत ठेवीत ठेवतात. आणि एजंट दुसरीच विमा असलेली गाडी दाखवू म्हणाला, तर तिथूनच उठावं. तो गुन्हा आहे, आणि फसतो दावेदार.

मेळघाटात फुकट वकिलाचा हक्क जवळजवळ प्रत्येकाला आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही जातीच्या बाईला, मुलांना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे कोरकू कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला लागतच नाही, जातीचा पुरे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावतीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे द्यायचा. हेल्पलाइन 15100, रेंज असेल तिथून लावावी, सेमाडोहात ती शोधावी लागते.

केस चालू असताना लोकअदालतीत तडजोडीची नोटीस येऊ शकते. तिथं मान्य केलेल्या रकमेवर पुढं अपील नाही, म्हणून वरचा हिशेब हातात घेऊनच बसावं. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला, तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात 90 दिवसांत अपील करता येते. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. दोन्हीकडं पुराव्याची कसोटी वेगळी आहे.