वाट कोणी द्यायची?

नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी माणसाच्या कानी पहिल्याच आठवड्यात जो शब्द पडतो, तो म्हणजे ‘गोल चक्कर’. ल्युटेन्सने आखलेल्या नव्या दिल्लीत अशी वर्तुळे पावलोपावली आहेत. त्यांत शिरताना थांबायचे कोणी, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही. या प्रश्नाचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्याने मुद्दाम पाहावा असा आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलभोवती १९०५ साली आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवती १९०७ साली वाहने एकाच दिशेने फिरू लागली. दिशा ठरली, अग्रहक्काचे कोडे सुटले नाही. फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी, हा तेथील जुना नियम. साध्या चौकात तो निभतो. वर्तुळात मात्र नव्याने शिरणारा नेहमी उजवीकडूनच येतो. म्हणजे आतल्याने थांबायचे आणि बाहेरच्याने शिरायचे! वर्दळ वाढली की बाहेर पडण्याच्या वाटाच अडतात आणि सारे वर्तुळ जागच्या जागी थिजते.

इंग्लंडातही अशी कोंडी होत असे. फ्रँक ब्लॅकमोर यांच्यासारख्या अभियंत्यांनी त्यावर प्रयोग केले आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये नियम झाला : शिरणाऱ्याने थांबावे, आतल्यास जाऊ द्यावे. एका वाक्याच्या या नियमाने मोडीत निघू पाहणारी वर्तुळे पुन्हा उपयोगी ठरली. फ्रान्सने १९८४ साली तेच तत्त्व स्वीकारले. विजयकमानीभोवती मात्र आजही जुना नियम चालतो. अमेरिकेत या धर्तीचे पहिले चौक १९९० साली नेवाडा राज्यात झाले.

आता आपल्याकडे पाहू. आपण डावीकडून वाहने चालवतो. त्यामुळे वर्तुळात फिरणारे वाहन शिरणाऱ्याच्या उजवीकडे असते. मुख्य रस्ता ठरवलेला नसेल त्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी, असे १९८९ची नियमावली सांगत होती. म्हणजे जो नियम पॅरिसला कोंडतो, तोच दिल्लीला मोकळे करणारा! २०१७च्या नियमावलीने तर वर्तुळातील वाहनाचा अग्रहक्क स्पष्टच लिहिला.

तरीही प्रत्यक्षात वाट मिळते ती ज्याने आधी नाक खुपसले त्याला. आणि अखेर सिग्नल किंवा शिपाई उभा करावा लागतो. प्रस्तुत लेखकाने वाहन चालवण्याचा परवाना घेतला तेव्हा आठचा आकडा काढून दाखवला. चक्करात थांबायचे कोणी, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर आले नसते.

नियम राजपत्रात छापला की आपले काम संपले, असे आपण अधिकारी मंडळी समजतो. वास्तविक तेथे ते सुरू होते. योग्य नियम हाती असून तो न शिकवणे, हे चुकीच्या नियमापेक्षा कमी महाग पडत नाही. त्याची किंमत चौकात अडकलेली रुग्णवाहिका मोजते.