काडेपेटी कारखान्यातली सारा

अ‍ॅनी बेझंट हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. एप्रिल १९१६मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, त्याच वर्षी सप्टेंबरात बेझंटबाईंनी मद्रासेत आपली वेगळी लीग सुरू केली. या बाईंच्या खाती लंडनमधला एक लढाही जमा आहे: १८८८ साली ब्रायंट अँड मे या काडेपेट्यांच्या कारखान्यात झालेला बायकापोरींचा संप. तो बेझंटबाईंनीच घडवला, असं पुढे कित्येक वर्षं सांगितलं गेलं. संपाच्या समितीत आठ कामगार बायका होत्या. त्यांतली एक सारा चॅपमन.

साराचा जन्म ३१ ऑक्टोबर १८६२चा, पूर्व लंडनच्या माइल एंडमधला. बाप बिअरच्या कारखान्यात नोकर, सात भावंडांत ती पाचवी. विशीच्या आतच ती आई आणि थोरली बहीण मेरी यांच्याबरोबर ब्रायंट अँड मेमध्ये यंत्रावर काम करू लागली होती. अशा घरात ना डायऱ्या लिहिल्या जात, ना पत्रं जपून ठेवली जात. तरी एवढं कळतं ते सरकारी दप्तरामुळे. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद होऊ लागली. १८४१पासून दर दहा वर्षांनी घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव खानेसुमारीत उतरू लागलं. पत्ता, वय, धंदा आणि १८५१पासून जन्मगावही, सगळं ओळीने. १९११मध्ये तर लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली, किती जगली, किती गेली, हेही विचारलं गेलं. कामकरी बाईचं दुःख सरकारने आकड्यांत मांडून ठेवलं, ते असं. धंद्याच्या रकान्यात मात्र लग्न झालेल्या बायकांपुढे पुष्कळदा कोरी जागाच दिसते, मग ती दिवसभर काडेपेट्या चिकटवत का असेना!

कारखान्याचं चित्र बेझंटबाईंनी आपल्या ‘द लिंक’ या साप्ताहिकाच्या २३ जून १८८८च्या अंकात रंगवलं. सोळा वर्षांची एक पोर उक्त्या कामावर आठवड्याला चार शिलिंग मिळवते, त्यातले दोन शिलिंग एका खोलीच्या भाड्यात जातात. पाय मळके दिसले की तीन पेन्स दंड. जळलेल्या काड्या बाकावर ठेवल्या की एक शिलिंग. उशीर झाला की अर्धा दिवस दाराबाहेर आणि पाच पेन्स बुडाले. तिकडे भागधारकांना लाभांश वीस टक्क्यांच्या वर! मालक थिओडोर ब्रायंटने पंतप्रधान ग्लॅडस्टनचा पुतळा उभारला, तेव्हा त्यासाठी मजुरीतून एकेक शिलिंग कापून घेतला, हीसुद्धा तक्रार त्या लेखात आहे. हा पुतळा बो भागात अजून उभा आहे आणि कुणीतरी त्याचे हात अधूनमधून लाल रंगवून जातं.

शिवाय पांढरा फॉस्फरस होताच. त्याच्या वाफेने आधी दाढ ठणकायची, मग जबड्याचं हाडच सडायचं.

लेख छापून आल्यावर कारखान्याने ‘आम्ही सुखात आहोत’ अशा मजकुरावर बायकांच्या सह्या मागितल्या. बायकांनी नकार दिला. एका मुलीला कामावरून काढलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या. बेझंटबाईंनी लोकांना त्या कंपनीच्या काडेपेट्या घेऊ नका म्हटलं होतं, संपाचा बेत त्यांचा नव्हता. बायकांचा घोळका फ्लीट स्ट्रीटजवळच्या बूव्हरी स्ट्रीटवर ‘द लिंक’च्या कचेरीपाशी जाऊन थडकला, तेव्हा तिघी जणी वर बोलायला गेल्या. त्या तिघींत सारा होती.

सारा त्या सोळा वर्षांच्या पोरीइतकी हलाखीत नव्हती. तिचं काम त्यातल्या त्यात बऱ्या पगाराचं होतं, आणि तरीही ती बाहेर पडली. तिची खरी ओळख इथेच पटते. बिचाऱ्या, अडाणी पोरी आणि त्यांना जागं करणारी शिकलेली बाई, ही गोष्ट वर्तमानपत्रांना सोयीची होती. नावं आणि पत्ते जुळवत गेलं की दिसतात त्या मायलेकी, बहिणी आणि शेजारणी, एकाच कारखान्यात राबणाऱ्या आणि एकमेकींना पुरत्या ओळखणाऱ्या. अशा वस्तीत संप करा म्हणून सांगायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. इतिहासकार लुईझ रॉ यांनी ‘स्ट्रायकिंग अ लाइट’ या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला आहे.

जुलैच्या मध्यावर कंपनी नमली. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली कबूल झाली. २७ जुलैला बायकांच्या युनियनची पहिली सभा भरली आणि तिच्या समितीवर सारा निवडून आली. १८९०मध्ये लिव्हरपूलच्या ट्रेड्स युनियन काँग्रेसलाही ती प्रतिनिधी म्हणून गेली. पुरुषांनी खचाखच भरलेल्या त्या सभागृहात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

डिसेंबर १८९१मध्ये तिचं लग्न झालं, चार्ल्स डिअरमन या सुताराशी. कपाटं-टेबलं बनवायचा त्याचा धंदा. सारा कारखान्यातून बाहेर पडली, आडनाव बदललं, आणि इतिहासातून ती नाहीशी व्हायला तेवढं पुरलं. सहा मुलं झाली. १९२२मध्ये नवरा वारला. २७ नोव्हेंबर १९४५ला, त्र्याऐंशीव्या वर्षी, बेथनल ग्रीनच्या इस्पितळात तिचा अंत झाला. सहापैकी तीनच मुलं तेव्हा हयात होती. मॅनर पार्कच्या दफनभूमीत आणखी पाच जणांबरोबर एकाच खड्ड्यात तिला पुरलं, वर साधा दगडही नाही. ती जागा तिच्या पणतीने अलीकडे हुडकून काढली, आणि तिथे माती टाकून नवी थडगी करायचा घाट आहे असं कळताच आवाज उठवला. जुना कारखाना आता राहत्या फ्लॅटांची वसाहत झाला आहे, तिथे २०२२च्या जुलैत संपाच्या आठवणीचा निळा फलक लागला.

संपाच्या समितीतल्या बाकीच्या सात जणींच्या वंशजांनाही सरकारी दप्तराची हीच वाट चालावी लागते, आणि तिच्यात एक मोठा खड्डा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खानेसुमारीची पानं शंभर वर्षं बंद असतात. १९२१ची २०२२मध्ये उघडली. १९३१ची डिसेंबर १९४२च्या आगीत जळून गेली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. मधे आधार एवढाच, की २९ सप्टेंबर १९३९ला ओळखपत्रं आणि रेशनसाठी घरोघरची नोंद झाली होती. त्यानंतरची, १९५१ची खानेसुमारी, उघडेल ती २०५२मध्ये.