शब्दवेध : रुमाल

फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं हे फडकं मराठीत आलं आणि थेट कचेरीत शिरलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात. १९३० पासून गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली निघालेले ४५ खंड अशाच रुमालांतले वेचे.

बखरीत लढाई रंगते, रुमालात स्वारीच्या दाणावैरणीचा हिशेब निघतो. बखर बहुधा मागाहून लिहिलेली, हिशेब त्या-त्या वेळचा. हिशेबनिसाला इतिहासाशी देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याच्यावर भरवसा जास्त. तरी त्याचाही आकडा दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा लागतोच. पैसे खाणारे कारकून तेव्हाही होते!