निर्वातातील विद्युत भंजन

निर्वातात ठेवलेल्या दोन विद्युत अग्रांमधील विभवांतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास त्यांच्यामधील निरोधक जागा एकाएकी विद्युतवाहक बनते. या घटनेला निर्वातातील विद्युत भंजन म्हणतात. उच्च निर्वातात त्याचे मूळ उरलेल्या वायूत नसून विद्युत अग्रांच्या पृष्ठभागांवर असते.

वायूतील भंजनाशी तुलना

वायूत मुक्त इलेक्ट्रॉन विद्युत क्षेत्रामुळे वेग घेतात, रेणूंवर आदळून त्यांचे आयनीभवन करतात आणि अशा आघातांतून नवे इलेक्ट्रॉन सुटत जाऊन त्यांचा लोंढा तयार होतो. भंजनाचे विभवांतर वायूचा दाब व अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले. हवेसाठी त्याचे किमान मूल्य सुमारे ३३० व्होल्ट आहे. दाब त्याहून कमी केल्यास ते पुन्हा झपाट्याने वाढते. ०.००१ पास्कल दाबाला हवेचा रेणू दोन टकरींदरम्यान सरासरी काही मीटर अंतर कापतो. त्यामुळे काही मिलिमीटरांच्या फटीत असा लोंढा निर्माण होणे शक्य नसते; तरीही भंजन घडते.

यंत्रणा

गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरही सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्या टोकांशी विद्युत क्षेत्र सरासरीच्या अनेक पट तीव्र होते. ते दर मीटरला काही अब्ज व्होल्टपर्यंत पोहोचले, की ऋणाग्रातील इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी असलेला ऊर्जारोध पुंजयामिकीय सुरंगन परिणामाने पार करून बाहेर पडतात. या क्षेत्र उत्सर्जनाची उपपत्ती राल्फ फाउलर व लोथार नोर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडली. उत्सर्जित प्रवाहामुळे उंचवट्याचे टोक तापून वितळते व त्याची वाफ होते. या बाष्पाचे आयनीभवन होऊन आयनद्रायू बनतो आणि दोन्ही अग्रांमध्ये प्रज्योत पेटते. म्हणजेच विसर्जनाला लागणारे माध्यम धातू स्वतःच पुरवतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तापलेले धनाग्र किंवा पृष्ठभागावरून सुटलेले सूक्ष्मकण यांमुळेही भंजनाची सुरुवात होऊ शकते.

अनुसंस्करण

विभवांतर टप्प्याटप्प्याने वाढवून मर्यादित ऊर्जेची लहान विसर्जने होऊ दिल्यास उंचवटे झिजतात, पृष्ठभागावरील मळ निघतो आणि भंजन-विभवांतर वाढते. मात्र विसर्जनाची ऊर्जा अधिक झाल्यास पृष्ठभागावर नवे खड्डे व टोके तयार होऊन ते पुन्हा घटते.

महत्त्व

क्ष-किरण नलिका व कणत्वरक यांची कार्यमर्यादा बहुधा भंजनावरून ठरते. सर्न येथे अभ्यासलेल्या क्लिक या प्रस्तावित रेषीय त्वरकासाठी दर मीटरला १० कोटी व्होल्ट इतकी प्रवेगक्षमता अपेक्षित आहे. ती गाठताना तांब्याच्या पोकळ्यांमधील भंजन अत्यंत विरळ ठेवावे लागते. निर्वात परिपथ खंडकात तांबे-क्रोमियमचे स्पर्शक विलग होताना धातूच्या बाष्पात प्रज्योत पेटते. प्रत्यावर्ती प्रवाह शून्यावर येताच ती विझते, बाष्प गोठते आणि फट काही मायक्रोसेकंदांत पुन्हा निरोधक होते. ११ व ३३ किलोव्होल्टच्या वितरण उपकेंद्रांत हे खंडक मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.