गेलिक पर्वतनामे

गेलिक पर्वतनामे : स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील (हायलँड्स) शिखरे, कडे, खिंडी, दऱ्या व ओढे यांची गेलिक भाषेतील नावे. गेलिक ही इंडो-यूरोपियन कुटुंबाच्या केल्टिक शाखेतील भाषा होय. या प्रदेशातील तिचा वापर घटत गेल्याने पर्वतनामांची नोंद भाषेच्या व लोकजीवनाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरली आहे.

बहुतेक नावांत पहिले पद भूरूपाचे व दुसरे त्याच्या विशेषाचे असते. ‘बेन’ म्हणजे डोंगर, ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास वा खडकाळ टेकडी, ‘स्कूर’ म्हणजे टोकदार सुळका. हिमनदीने कोरलेल्या खोलगट भागास ‘कॉरी’ म्हणतात; या शब्दाचा मूळ अर्थ कढई असा आहे. रंगवाचक पदे विपुल आहेत. तथापि त्यांच्या अर्थकक्षा इंग्रजी रंगनामांशी जुळत नाहीत. ‘गॉर्म’ निळ्या रंगाचा वाचक असून गवताच्या हिरवेपणासही लावला जातो. केर्नगॉर्म (१,२४५ मी.) या एका शिखराचे ‘निळी टेकडी’ हे नाव इंग्रजीत संपूर्ण पर्वतसमूहास मिळाले. त्या समूहाच्या मूळ गेलिक नावाचा अर्थ मात्र ‘तांबडा डोंगराळ प्रदेश’ असा आहे. स्पे नदीपलीकडील ‘करड्या’ मोनालिया डोंगरांच्या तुलनेत तेथील ग्रॅनाइट खडक तांबूस दिसतो. उन्हाळी चराईच्या वस्तीला ‘आरी’ म्हणत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मेंढपाळीसाठी जमीनदारांनी कुळांना हुसकावल्यानंतर दऱ्या ओस पडल्या, तरी अशी नावे टिकून राहिली.

नावांची पहिली व्यापक नोंद ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मापनसंस्थेने एकोणिसाव्या शतकात केली. स्कॉटलंडचे मैलास सहा इंच प्रमाणाचे मापन १८४३ ते १८८२ या काळात झाले. नामवह्यांत प्रत्येक नावाचे स्वीकृत व पर्यायी लेखन, साक्षीदार आणि स्थळाचे वर्णन नमूद होत असे. परंतु बहुतेक मापकांना गेलिक येत नव्हते आणि जमीनमालक, धर्मोपदेशक व शिक्षक यांच्या साक्षीस लहान शेतकऱ्यांच्या साक्षीहून अधिक वजन दिले जाई. त्यामुळे डोंगरात रोज वावरणाऱ्यांची कित्येक नावे नकाशाबाहेर राहिली. लिहिलेल्या नावांतही व्याकरण लोपले. मल बेटावरील ‘बेन मोर’ (९६६ मी.; अर्थ ‘मोठा डोंगर’) याचा गेलिक उच्चार ‘बेन वोर’ असा आहे; स्त्रीलिंगी नामानंतर विशेषणाच्या आद्य ध्वनीत होणारा बदल इंग्रजी लेखनात उरला नाही. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केल्यावर अनेक नावे गिर्यारोहकांत रूढ झाली.

शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया विल्यम जे. वॉटसन (१८६५–१९४८) यांनी घातला. रॉस व क्रॉमर्टी परगण्याच्या स्थलनामांवरील त्यांचा ग्रंथ १९०४ मध्ये आणि स्कॉटलंडच्या केल्टिक स्थलनामांचा इतिहास १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुने लेखी उल्लेख, स्थानिक उच्चार आणि प्रत्यक्ष भूरूप यांचा मेळ घालणे, ही त्यांची पद्धती होती. एडिंबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययनकेंद्राने ध्वनिमुद्रणाचा अवलंब केला. ॲडम वॉटसन व एलिझाबेथ ॲलन यांनी डी नदीच्या वरच्या खोऱ्यातील रहिवाशांकडून गोळा केलेली नावे १९८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

१८९१ च्या जनगणनेत गेलिक भाषकांची संख्या सु. २,५४,००० होती, २०११ मध्ये ती सु. ५७,००० भरली. नकाशावरील अक्षरे नाव टिकवतात. त्याचा उच्चार व ते पडण्याचे कारण मात्र बोलणाऱ्यांकडून वेळीच नोंदवून घ्यावे लागते. जेथे ते झाले नाही, तेथे अर्थाविषयी आज केवळ तर्क करणे शक्य आहे.